बावड्यातला इंग्रजी हॉल

परदेशातून आलेला माणूस मोबाईलमधले फोटो दाखवायला लागला की मी मनाची तयारी करते. प्रत्येक फोटोत तो स्वतः असतो आणि मागे एखादा पूल किंवा मनोरा. पण त्या दिवशी माझ्या ऑफिसात समोर बसलेल्या गृहस्थांच्या मोबाईलमध्ये माणूस नव्हताच. सगळी छतं होती. तुळया, वासे, खिडकीचा कोपरा, एका जाड दाराची बिजागरी, पुन्हा छत.

हे गृहस्थ कसबा बावड्याचे. ऊस, म्हशी, आणि रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट. मधला भाऊ बायकोपोरांसह त्यांच्याच घरात, सगळ्यांत धाकटा भाऊ इंग्लंडात एका दवाखान्यात नोकरीला. त्याला मुलगी झाली म्हणून हे बारशाला गेले आणि उन्हाळा तिथेच काढून आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या नाहीत. म्हशींना सुट्टी कोण देणार?

"मॅडम, असलं घर बांधायचं," ते म्हणाले.

मी आर्किटेक्ट आहे. असल्या मागण्या मला नवीन नाहीत. कुणाला दुबईसारखी काच हवी असते, कुणाला सिरियलमधला जिना. इंग्लंडातलं जुनं घर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि त्यावर काळ्या लाकडी पट्ट्या, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "काळ्या पट्ट्या पाहिजेत का दादा बाहेरून?"

"त्ये न्हाय वो! पट्ट्या काय, पेंटर बी मारंल. मला ह्यो हॉल पायजे." त्यांनी एक छत मोठं करून माझ्यापुढे धरलं. "भावाच्या गावाजवळ हाय ह्ये घर. चारशे वर्सांचं. तिकीट काढून बघायचं असतंय. पयल्यांदा सगळी मिळून गेलतो. मग मी एकटाच जायला लागलो. भाऊ म्हणायचा, दादा, तेच घर काय बघतोस परत परत? पर मी हॉलमधी नुस्ता बसून ऱ्हायचो."

"काय बघत बसायचात?"

"मालक, मालकीन, गडी, पावणं, सगळी त्या एका खोलीत जेवायची म्हणं. मालक त्या टोकाला, जरा उच्च्यावर. पर छत एकच आन जाळ बी एकच, मधोमध. आपल्यात बघा. गडी गोठ्यात जेवतोय, बायका आत, आमी भायेर सोप्यात, पोरं मोबाईल घिऊन कुटं बी." मग ते एकदम चिडल्यासारखे म्हणाले, "आन आता भावाच्या घरात हॉल म्हंजे काय हाय म्हाईत हाय का? चपला सोडायची जागा! दार उघडलं की एक बोळ. त्येला हॉल म्हणत्यात!"

मी हसले. ते गेल्यावर मात्र ती गोष्ट डोक्यातून जाईना. मी वर्षानुवर्षं नकाशांवर 'हॉल' लिहीत आले आहे. कोल्हापुरातल्या रिक्षावाल्यालाही वन बीएचके म्हणजे काय ते कळतं. आपण तो शब्द इंग्रजांकडून घेतला आणि बसायच्या-उठायच्या खोलीला चिकटवला. आणि ज्यांचा शब्द, त्यांच्याकडे त्याचा बोळ झाला. हे कधी झालं असेल? का?

कॉलेजात इंग्लंडच्या वास्तुकलेचा इतिहास आम्हाला होता. ट्यूडर कमानीची आकृती नीट काढली, खाली दोन ओळी लिहिल्या की गुण मिळायचे. ती चपटी कमान मी आजही डोळे मिटून काढेन. पण त्या कमानीखालून कोण आत जायचं, हातात काय घेऊन जायचं, आत गेल्यावर कुठे बसायचं, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी वाचायला लागले. गावातल्या जुन्या ग्रंथालयात मिळालं ते, उरलेलं इंटरनेटवर. कामाचा भाग म्हणून सुरू केलं आणि पुढे गोडीच लागली. घरी जेवताना नवऱ्याला सांगायचे, "अरे, काच इतकी महाग होती की काही लोक घर सोडून जाताना खिडक्यांच्या काचा काढून बरोबर न्यायचे." तो म्हणायचा, "आमटी वाढ."

दादांनी पाहिलेला हॉल मला हळूहळू दिसायला लागला. जुन्या काळी त्याला वर मजला नसे, सरळ कौलापर्यंत पोकळी. जमिनीवर मधोमध जाळ. धूर वर जाऊन छपरातल्या झरोक्यातून निघेल तेवढा निघायचा, उरलेला डोळ्यांत. एका टोकाला चौथऱ्यावर मालकाचं टेबल. दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा आणि त्यामागून स्वयंपाकघराकडे जायची वाट. मधे लांब बाकांवर घरातली झाडून सगळी माणसं. जेवण झालं की टेबलं उचलायची आणि रात्री काहीजण तिथेच अंग टाकायचे. खोली एकच, पण दिवसभरात तिची किती रूपं व्हायची! हे वाचताना मला त्यात परकं काहीच वाटेना. माझं बालपण गारगोटीत गेलं. वडील शाळामास्तर, एकामागे एक अशा दोन खोल्या. सकाळी जिथे शिकवणीची मुलं बसत तिथेच दुपारी जेवण आणि रात्री अंथरुणं. अभ्यासाला मी बसायचे ती जागा म्हणजे पुढच्या दारातून मागच्या दाराकडे जायची वाट होती. दहावीच्या वर्षी मी पुस्तकावरून मान वर न करता नुसत्या पावलांवरून माणूस ओळखायचे.

पण पुढचं वाचलं आणि मी जरा थबकले. ज्या काळातलं ते घर होतं, त्याच काळात मालक मंडळींनी हॉल सोडायला सुरुवात केली होती. विटांची धुराडी आली. भिंतीत शेकोटी बसली, धूर सरळ वर जायला लागला. धूर नाही म्हटल्यावर हॉलच्या डोक्यावर मजला टाकता आला आणि वर खोल्या झाल्या. मालक, मालकीण आणि जवळचे पाहुणे आतल्या उबदार खोलीत जेवायला लागले. हॉलमध्ये नोकर राहिले. आणखी काही पिढ्यांनी नोकरही मागच्या अंगाला गेले, त्यांना वेगळा जिनासुद्धा झाला. हॉल रिकामा पडला, आक्रसत गेला. दादांच्या भावाच्या घरातला चपला सोडायचा बोळ म्हणजे त्याचाच उरलेला तुकडा.

हे दादांना सांगायला हवं होतं. जे त्या लोकांनी स्वतःच सोडून दिलं, ते आपण नव्याने बांधणार होतो.

मी बावड्याला गेले. गाळप चालू होतं, साखर कारखान्याच्या मळीचा वास गावभर होता. त्यांचं राहतं घर लांबट, खोलीतून खोली निघणारं. हे घर पुढे गोठ्याला द्यायचं असं ठरलं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला, 'घ्या' म्हणाल्या आणि आत गेल्या. आधीच्या दोन भेटींतही त्या एवढंच बोलल्या होत्या. नकाशाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "ह्यांनी सांगतील तसं."

मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"सोडला? का सोडला?"

"थंडी असेल. धूर. गर्दी. पुस्तकात वेगवेगळी कारणं देतात."

"पुस्तक ऱ्हाऊ द्या. तितं घर दावाय एक बाई असत्या, तिला इचारू. तिला समदं म्हाईत असतंय." आणि त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला. येत्या शनिवारी त्या घरात जायचं आणि आम्हाला मोबाईलवर दाखवायचं, असा हुकूमच सोडला.

शनिवारी मी पुन्हा बावड्यात. तिथे सकाळ, आमच्याकडे म्हशींच्या धारांची वेळ. दादांनी मोबाईल धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर भाऊ दिसला, त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांच्या, गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई. त्या तिथे येणाऱ्यांना घर दाखवायचं काम करत. दादांना बघून त्या ओळखीचं हसल्या. रोज येऊन बसणारा हा माणूस त्यांच्या लक्षात राहिला होता.

"त्यास्नी इचार," दादा भावाला म्हणाले, "एवडा हॉल आसताना मालक आत का गेला?"

भावाने विचारलं. बाई बोलल्या, आणि भाऊ सांगत गेला. "दादा, त्या म्हणत्यात, मालकाचं कुणाला म्हाईत. पर मालकीन का गेली ते त्या दावत्यात."

मोबाईल हलायला लागला. हॉलच्या टोकाचं एक जाड दार आलं, ते उघडलं, आणि आत एक लहान खोली. भिंतींना तपकिरी फळ्या, कोपऱ्यात शेकोटी, खिडकीत बसायला लाकडी बैठक. खिडकीच्या काचा हाताच्या तळव्याएवढ्या, शंकरपाळीसारख्या कापलेल्या. बाई दाराजवळ गेल्या, दार लावून घेतलं आणि त्याच्या आतल्या अंगाला बोट दाखवलं.

"आतनं कडी हाय!"

हा आवाज मागून आला म्हणून मी वळले. वहिनी दुधाची बादली हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. कधीपासून बघत होत्या कोण जाणे. बादली तशीच हातात धरून त्या पुढे आल्या आणि मोबाईलवर वाकल्या.

"भाऊजी, त्या बाईस्नी इचारा की. ही कडी त्या येळचीच हाय का मागनं बसवल्या?"

तिकडून उत्तर आलं की दार आणि कडी दोन्ही जुनीच आहेत, असं मानतात.

"आन ती मालकीन हितं बसून काय करायची?"

भाऊ विचारत होता आणि बाई हसत होत्या. मग त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. भाऊ म्हणाला, "वहिनी, त्या म्हणत्यात, शिवायची, वाचायची, हिशोब बघायची, मैत्रिणी आल्या की बोलायची. आन कदी कदी काय सुदिक करायची न्हाय."

वहिनींनी मान डोलावली. "व्हय की," त्या म्हणाल्या आणि धारा काढायला निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनी एकट्याच माझ्या ऑफिसात आल्या. केएमटीच्या बसने आल्या होत्या, पिशवीत दह्याचं गाडगं. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. वहिनींनी खुर्चीच्या कडेवर बसत थेट विषयाला हात घातला.

"ताई, मी एक सांगायला आलतो. तसली खोली मला बसंल का आपल्या घरात?"

"कसली?"

"आतनं कडी असल्याली. आन वाटंत नसल्याली." त्यांनी माझ्या टेबलावर बोटाने रेघ ओढली. "आमची खोली तुमी बघिटल्या न्हवं? परड्यात, घरामागं जायचं तर आमच्याच खोलीतनं. दीर जातोय, पोरं जात्यात, दुधाचा गडी जातोय. लुगडं बदलायचं म्हंजे धान्याच्या कणगीमागं. लगीन झाल्यापास्नं. आता पोरांची लग्नं व्हायला आल्यात."

मी त्यांना सांगितलं की त्या इंग्रजी घरांतही बराच काळ असंच होतं. बोळ ही कल्पनाच रुळलेली नव्हती. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. शेवटच्या खोलीत जायचं तर सगळ्यांच्या झोपायच्या खोल्या तुडवत जायचं.

वहिनी खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या. "मग त्या बाया काय करायच्या?"

"पलंगाला चारी बाजूंनी जाड पडदे असायचे. पडदे ओढले की झाली खोली."

"मच्छरदानीगत?"

"मच्छरदाणीसारखंच. पण जाड. आणि पलंग म्हणजे घरातली सगळ्यात किमती वस्तू, मृत्युपत्रात लिहून ठेवण्याइतकी. मालकिणीची दासी कधी कधी तिच्याच पायथ्याशी, चाकाच्या छोट्या खाटेवर झोपायची. दिवसा ती खाट मोठ्या पलंगाखाली ढकलायची."

"म्हंजे पडद्यातनं सगळं ऐकायला जात आसंल की तिला!" वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि त्यांचं बघून मलाही हसू आवरेना. मग त्या खूप काही विचारत राहिल्या. त्या बायका आंघोळ कुठे करायच्या? बाळंत कुठल्या खोलीत व्हायच्या? सासू कुठे झोपायची? काही मला माहीत होतं, बरंचसं नव्हतं. जे नव्हतं ते मी कागदावर लिहून घेतलं. उठताना त्या म्हणाल्या, "ह्यास्नी तुमी सांगा. मी सांगिटलं तर म्हणतील, भांडान काडलीस."

मी नकाशा नव्याने केला. मधे दादांचा उंच हॉल, वर मजला नाही, दोन्ही लांब बाजूंना खिडक्या. एका टोकाला स्वयंपाकघर. दुसऱ्या टोकाला एक दार आणि त्यामागे वहिनींची खोली, पूर्वेला खिडकी. परड्यात जायची वाट बाहेरून, कुणाच्याही खोलीतून नाही. दादांनी हॉलभोवती बोट फिरवलं, खूश झाले, आणि त्या खोलीवर येऊन थांबले.

"ही कुनाची?"

"वहिनींची."

"आन माझी?"

"तुमची दोघांची झोपायची स्वयंपाकघराच्या वर आहे. ही दिवसाची. बसायची."

"हॉल हाय की बसायला!" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्याली मानसं. पर आमच्यात दिवसाढवळ्या बाईनं आतनं दार लावलं म्हंजे घरात कायतरी भांडान हाय. पावणं इचारतील. गाव इचारंल."

ते खोटं नव्हतं. गारगोटीत आमच्या दारालाही दिवसा कधी कडी लागली नव्हती. लागली असती तर शेजारीण धावत आली असती. बंद दाराचा अर्थ लोक आपापला लावतात, आणि तो अर्थ मला नकाशातून खोडता येणार नव्हता.

पाया खणण्याआधी आम्ही प्लॉटवर फक्कीने, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, रेषा मारतो. प्रत्यक्ष मापात घराचा नकाशाच जमिनीवर उमटतो, भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी रेघेत मोकळी फट. त्या दिवशी सगळं घर प्लॉटवर आलं होतं. दीर-जाऊ, पोरं, गोठ्यावरचे दोन गडी. दादा सगळ्यांना हॉलमधून फिरवत होते. "हितं पंगत बसंल. हितं पाटावर मी." जाऊबाई रेघांच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ओटा कुठे येणार ते हाताने मोजत होत्या. मी वहिनींना शोधत होते.

त्या आपल्या खोलीत होत्या. म्हणजे रेघांच्या चौकोनात, उन्हात, मातीवर मांडी घालून, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. पूर्वेकडे तोंड. काही करत नव्हत्या.

थर्मासमधून चहा आला. दादांनी हाक मारली, "अगं, च्या घे की!" वहिनी उठल्या नाहीत. दादा पेला घेऊन निघाले आणि सरळ रेघ ओलांडून आत पाय टाकणार, एवढ्यात वहिनी म्हणाल्या,

"तितनं न्हाय. भित हाय ती. दार तिकडं हाय."

दादांचा पाय हवेत राहिला. मला वाटलं, आता आवाज चढणार. दादांनी पायाखालच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं, मग वहिनींकडे. पाय मागे घेतला. हातातला चहा सांभाळत रेघेच्या कडेकडेने पूर्ण वळसा घालून फटीपाशी आले आणि तिथे उभे राहिले.

"येऊ का आत?"

"या की," वहिनी म्हणाल्या.

आधी जाऊबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. दादाही हसले, पण पेला वहिनींच्या हातात देताना त्यांचा चेहरा जरा वेगळा होता. काहीतरी पहिल्यांदाच बघितल्यासारखा. जाताना मला एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ती खोली. खिडकी जरा मोठी करा. हितं वारं चांगलं येतंय."

घर बांधायला पावसाळा सोडून वर्ष गेलं. बारीकसारीक भांडणं झालीच. दादांना हॉलच्या मधोमध जाळ हवा होता. बावड्याच्या उन्हाळ्यात जाळ कशाला, हे पटवायला मला तीन वेळा जावं लागलं. शेवटी तिथे गोल दगडी फरशी बसवली आणि त्यावर समाधान मानलं. लाकडाच्या तुळया परवडण्यातल्या नव्हत्या, मग छपराला लोखंडी कैच्या, म्हणजे तिकोनी सांगाडे केले आणि वर सागाच्या फळ्या. खालून बघितलं तर छत खरंच त्या फोटोतल्यासारखं दिसायचं. पेंटरने "काळ्या पट्ट्या मारू काय?" विचारलं तेव्हा दादांनीच त्याला हाकललं. वास्तुशांतीला हॉलमध्ये पंगती उठल्या. गडी, नातलग, कारखान्यातले ओळखीचे, सगळे एका छताखाली. भावाने तिकडून मोबाईलवर पाहिलं, आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनाही म्हणे व्हिडिओ दाखवला.

त्यानंतर मी मुद्दाम चौकशी करत राहिले. मला कुतूहल होतं. हॉल टिकतो की आक्रसतो? वर्षभरातच खबर आली की टिकत नाही. दुधाच्या वेळा वेगळ्या, पोरांच्या क्लासच्या वेगळ्या. जो तो येईल तसा ताट घेऊन बसतो. गडी पुन्हा गोठ्याकडेच जेवायला लागले, कारण मालकासमोर पोटभर जेवता येत नाही असं त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. दादा कधी कधी एकटेच हॉलमध्ये जेवतात. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. हॉलमध्ये सगळे एकत्र जेवत तेव्हा खालच्या बाकावरच्या माणसाला काय वाटत असेल, हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग एका पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला. बावड्याच्या खालच्या अंगाची घरं पाण्यात गेली. दादांचं घर उंचावर, रस्त्याला. पाणी उतरायला लागल्यावर मी गेले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, एका कोपऱ्यात शाळेची दप्तरं, दुसऱ्यात कोंबड्यांचा खुराडा. गोल फरशीवर मोठं पातेलं आणि त्याभोवती पिठलं-भाताची पंगत. दादा कमरेला टॉवेल गुंडाळून स्वतः वाढत होते, घसा बसलेला. मला बघून लांबूनच ओरडले, "मॅडम, बसा! आधी जेवा, मग बोलू."

मी बसले. शेजारी एक गडी होता, पलीकडे एक शिक्षक, समोर एक म्हातारं जोडपं. कोण वर, कोण खाली, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात नसावं.

वहिनींच्या खोलीचं दार बंद होतं. मी तिकडे बघतेय हे पाहून वहिनी जवळ आल्या. "बाळंतीन हाय आत. वल्या घरातनं उचलून आनल्या. आट दिसांचं लेकरू. म्हटलं, कडी लावून घे आन निवांत पाज."

"तुमची खोली गेली की मग."

"जाऊ दे की. जातीय कुटं? माजीच हाय." त्या भाताचं पातेलं घेऊन पुढे गेल्या.

जेवण झाल्यावर दादा माझ्याजवळ येऊन टेकले. हॉलच्या त्या टोकाला खरकट्या ताटांची चळत लागली होती. दोन बायका ती बाहेर नेत होत्या आणि पावसात उभं राहून घासत होत्या. दादा बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"मॅडम, त्या हॉलमधी एवडी मानसं जेवायची. मग भांडी कोन घासायचं? आन कुटं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"बघा जरा," ते म्हणाले. "न्हायतर भावाला सांगतो, शनवारी बाईस्नी इचारंल."

आणि ते उठले, कमरेचा टॉवेल घट्ट खोचून ताटांच्या चळतीकडे गेले.